तेलाच्या देशाची चौकशी

माझ्या मुलीसाठी आलेलं ते स्थळ मला पहिल्या दिवसापासून खटकत होतं. मुलात काही खोट दिसत नव्हती. खटकत होता तो देश.

मुलगा पिंपळगाव बसवंतचा, मेकॅनिकल इंजिनिअर, घरी फक्त आई. ती तिथल्याच शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. मुलगा बोलायला मऊ, दिसायला नीटस. आणि माझी मुलगी, जिने आधीची सगळी स्थळं नाक मुरडून परत पाठवली होती, ती ह्याच्यासोबत कॉलेज रोडला कॉफी पिऊन आली आणि घरात गुणगुणायलाच लागली! पण बायोडेटावर नोकरीचं ठिकाण होतं दक्षिण सुदान, आणि पुढे लिहिलं होतं, तेल कंपनी. मी माळ्यावरून मुलीचं शाळेतलं नकाशांचं पुस्तक काढलं. त्यात सुदान होता, एकच, चांगला ऐसपैस. दक्षिण-बिक्षिण काही नाही. तसाच उघडा नकाशा मी नवऱ्यापुढे ठेवला.

"बघा! देशच नाहीये. कंपनी कुठून येणार?"

"अगं, नवीन देश आहे तो," पेपरमधून डोकं वर न काढता नवरा म्हणाला. "तुझा नकाशा जुना आहे."

"देश म्हणजे काय सोसायटीची नवी विंग आहे का, बांधली आणि झाली?"

आमच्या इंदिरानगरच्या बिल्डिंगमध्ये मला सगळे संशयी म्हणतात. म्हणू देत. माझं अर्धं आयुष्य पिंपळगावच्या एका पॅकहाऊसमध्ये द्राक्षं तपासण्यात गेलंय. परदेशी जाणारी पेटी भरली की वरचा थर कसा, नवरीसारखा सजवलेला. मी वरच्या थराकडे बघायचेच नाही. हात घालून तळातला घड काढायचे. तळ चांगला तर पेटी चांगली. कित्येक बागायतदार माझ्या नावाने बोटं मोडत परत गेले असतील, पण मी पास केलेली पेटी कधी परत आली नाही. आता पोटच्या पोरीची पेटी मी वरचा थर बघून पाठवू का?

मग चौकशी सुरू केली. आमच्याकडे स्थळाची चौकशी ही एक विद्याच आहे. मुलाच्या गल्लीतला किराणावाला, इस्त्रीवाला, समोरची म्हातारी, सगळ्यांना गाठायचं. बोलता बोलता सहज विचारल्यासारखं विचारायचं. लोक अर्थातच चांगलंच सांगतात. कुणाचं जमणारं लग्न मोडायचं पाप कोण डोक्यावर घेईल? म्हणून मी लोकांचं उत्तर ऐकत नाही, उत्तराआधीचा थांबा ऐकते. प्रश्न विचारल्यावर माणूस जेवढा वेळ थांबतो, तेवढं पाणी मुरतंय समजायचं. पिंपळगावात कुणीच थांबलं नाही. इस्त्रीवाला तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाला, "लय गुणी पोरगं हाय, मावशी. सुट्टीला आलं की आईची साडी सोताच घेऊन येतं इस्तरीला." मला त्याचाही संशय आला. इतकं पटकन कोण बोलतं?

घर पास झालं, पण नोकरीचं काय? तिथे किराणावाला कुठून आणायचा? तेवढ्यात पॅकहाऊसच्या ओळखीतला एक कांदा व्यापारी भेटला. त्याचा माल आफ्रिकेकडे जात असे. तो भुवया उंचावून म्हणाला, "ताई, तिकडे कंपन्या नुसत्या पाटीवर असतात. आत कुणी नसतं. जपून हां." मनात पाल चुकचुकलीच. नवरा म्हणाला, "त्याचा भाचा लग्नाचा आहे. भांजी मारतोय तो." तेही खरंच होतं. भाच्याचा बायोडेटा त्याने दोन दिवसांत पाठवला. पण भांजी मारणारा नेहमी खोटंच बोलतो असं कुठे आहे?

मुलगा तोवर सुट्टी संपवून परत गेला होता. पुढच्या सुट्टीत सुपारी फोडायची, असं दोन्हीकडून ठरलं. मधल्या काळात दर रविवारी दुपारी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. बोलायचा मुलीशी, पण मधे मी बसायचे. म्हटलं, चल, तुझ्या तोंडूनच तुझा देश तपासते.

"तेल कंपनी कुणाची?" मी विचारलं.

"काकू, भागीदारी आहे. चीनची, मलेशियाची, आपल्याही देशाची. थोडा वाटा त्यांच्या सरकारचा. मी थेट त्या कंपनीत नाही. तेलाच्या कॅम्पवर जनरेटर चालवायचं कंत्राट ज्यांच्याकडे आहे, त्यांच्याकडे आहे मी."

बघा, पहिला तळ निघाला! बायोडेटावर तेल कंपनी, आणि प्रत्यक्षात कंत्राटदार. मी मुलीकडे बघितलं. ती म्हणाली, "मला माहिती आहे, आई. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलंय." बायोडेटा त्याच्या मामांनी लिहिला होता म्हणे. मामा नेहमी बरे सापडतात.

"आणि तेल जमिनीतून काढून पाठवतात कुठे?"

"नळीतून. शेजारच्या देशातून बंदरापर्यंत."

"शेजारच्या म्हणजे?"

"ज्याच्यापासून वेगळे झाले, त्याच्याच." तो जरा हसला. "तेल बरंचसं ह्यांच्या वाट्याला आलं आणि बंदर त्यांच्याकडे राहिलं."

हे मात्र मला लगेच कळलं. आमच्या माहेरच्या वाटणीत विहीर धाकट्या काकांकडे आली आणि पाण्याची पाइपलाइन थोरल्यांच्या बांधावरून जायची. थोरल्यांचं डोकं फिरलं की धाकट्यांची बाग सुकलीच. मी म्हटलं, "मग त्यांच्यात रोज भांडणं असतील." तो म्हणाला, "भांडणं नाही काकू, त्या शेजारच्या देशातच आपसांत युद्ध चालू आहे. त्यात नळी बंद पडली की इथे सरकारी पगारही थांबतात." आणि हे तो मला, भावी सासूला, शांतपणे सांगत होता. लपवत का नाहीये हा? एवढं खरं सांगणाऱ्याच्या पोटात काय असेल, असं मला उलट वाटायला लागलं.

रविवारमागून रविवार मी त्या देशाचे सगळे उद्योग त्याच्याकडून काढून घेतले. तेलाखेरीज दुसरं काय? सोनं आहे म्हणाला, पण नदीकाठी लोक घमेल्यात माती धुऊन काढतात. साग आहे. डिंक आहे, बाभळीसारख्या झाडांचा. गुरं तर माणसांपेक्षा जास्त. मग कारखाने? दारूचा एक मोठा निघाला आणि बंद पडला. पाण्याच्या बाटल्या भरायचे आहेत. सिमेंट, साखर, अंडी, टोमॅटोसुद्धा शेजारून ट्रकने येतात. मोबाइल कंपन्या बाहेरच्या, बँका बाहेरच्या, हॉटेलं बाहेरच्यांची.

"म्हणजे सोन्याच्या विहिरीवर बसलेत आणि टोमॅटो उसना आणतात?" मी म्हटलं. "आणि मधला पैसा कोण खातं?"

"ते सगळ्यांना माहिती आहे, काकू, पण फोनवर कुणी बोलत नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं. फोनवर कुणी बोलत नाही! जिथे सगळी कमाई जमिनीखाली, सगळ्या कंपन्या परक्या आणि सगळ्यांची तोंडं बंद, तिथे माझी पोर नांदायला जाणार? लग्नानंतर दोघं तिथल्या राजधानीच्या शहरात राहणार होते. मुलगी अंबडच्या एका कारखान्यात मशीनच्या भागांची डिझाइन करते, ते काम तिथूनही चालेल म्हणत होती. मुलगी खूश, नवरा खूश, त्याची आई खूश. घरात जागं कोण होतं? मी एकटी.

म्हणून मी त्याला मेसेज करायला सुरुवात केली. मुलीला न सांगता. चौकशी अशीच करायची असते. राहतोस त्या खोलीला कुलूप आहे का? कॅम्पच्या गेटवर पहारेकरी किती असतात? त्यांच्याकडे बंदुका असतात का? नळी तुमच्या कॅम्पपासून किती लांब? साहेब लोक कुठल्या गाडीने येतात? रात्रपाळीला कोण कोण असतं? ह्यात वावगं काय? कुठलीही आई हेच विचारील. तो बिचारा जमेल तेवढी उत्तरं द्यायचा, काहींना नुसता नमस्काराचा हात पाठवायचा.

शेवटी मी मुख्य मुद्द्यावर आले. लिहिलं, "कंपनीच्या गेटचा फोटो पाठव. पाटी दिसली पाहिजे आणि पाटीखाली तू."

उत्तर आलं, "काकू, इथे फोटो काढायला परवानगी नाही."

झालं! मी फोन घेऊन नवऱ्याकडे गेले. "पाटीचा फोटो चालत नाही म्हणे! मग पाटी लावतात कशाला? ह्यांची कंपनीच नाहीये."

नवरा देवळालीचा. त्याने चष्मा काढला. "आमच्या देवळाली कॅम्पात भिंतीभिंतीवर लिहिलेलं असतं, फोटो काढू नका म्हणून. तिथे घेतलास का कधी संशय?"

"तिथे मिलिटरी आहे. इथे तेल आहे."

"तिथे तेल म्हणजेच मिलिटरी, बाई."

पण मी ऐकणारी असते तर काय पाहिजे होतं! मी लिहून टाकलं, "फोटो आल्याशिवाय सुपारी फुटणार नाही." थोड्या वेळाने उत्तर आलं. "बघतो, काकू."

त्यानंतर तो गप्प झाला. रविवारी कॉल नाही. मेसेज जात होते, पण पोचत नव्हते. फोन बंद. मुलगी सारखी फोन उलटा-सुलटा करत बसायची आणि मी, खोटं कशाला बोलू, मनातून जिंकले होते. फोटो मागितला आणि पळाला! सुंठीवाचून खोकला गेला. समोरच्या ब्लॉकमधल्या वहिनींना मी जिन्यातच गाठून सगळं सांगितलं. माहेर मालेगावकडचं, बाई सडेतोड. त्या म्हणाल्या, "नेटवर्क नसेल हो." मी म्हटलं, "दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं."

पुढचा रविवारही कोरडा गेला तेव्हा मी घरच्या लँडलाइनवरून त्याच्या आईला फोन लावला. काय बोलायचं ते घोटून ठेवलं होतं. "ताई, आमच्याकडून नकार समजा. तुमच्या मुलाची कंपनीही खोटी आणि मुलगाही. उगाच आमच्या मुलीला आशेला लावलंत." एका दमात बोलून टाकलं.

पलीकडे थांबा. लांबलचक थांबा. मला वाटलं, सापडली.

मग ती म्हणाली, "बरं. तुमचा नकार कळला. पण ताई, तुमच्याकडे त्याचा काही निरोप आलाय का? कसलाही? माझ्याकडे आलेला नाही."

एवढंच. आवाज चढला नाही, रडली नाही. इतके दिवस त्या बाईला आपला मुलगा जिवंत आहे की नाही हे माहीत नव्हतं, आणि मी तिला कंपनीची पाटी विचारत होते. फोन ठेवला तर मागे मुलगी उभी. माझा मोबाइल तिच्या हातात. तिने मेसेज वाचले होते. "आई, तू त्याला गेटचा फोटो काढायला सांगितलंस? तिथे?" तिने मोबाइल माझ्यापुढे ठेवला. खोलीत गेली, दार लावलं. ते जेवायलाही उघडलं नाही.

आणि एके दिवशी तो परत आला. जिवंत, धडधाकट, थोडा वाळलेला. आणि सरळ आमच्या दारात आला, दुपारचा, हातात एक पिशवी घेऊन. मला कळेना बस म्हणू की स्वतःचे कान धरू. त्यानेच सगळं सांगितलं, तेही हसत.

त्याने चालत्या गाडीतून फोटो काढला होता. पहारेकऱ्याने पाहिलं. सुरक्षेच्या लोकांनी त्याला एका खोलीत नेलं, फोन घेतला आणि मेसेज उघडले. मराठी कुणाला येत नव्हती, म्हणून त्यालाच भाषांतर करायला लावलं. पहारेकरी किती, बंदुका आहेत का, नळी किती लांब, साहेबांची गाडी कुठली! ते विचारायचे, हा कोण माणूस आहे? तो म्हणायचा, माझी होणारी सासू. ते विचारायचे, कुठल्या देशासाठी काम करते? तो म्हणायचा, ती द्राक्षं तपासते. त्यावर त्यांनी त्याला आणखी काही दिवस ठेवून घेतलं.

"मग सुटलास कसा?" नवऱ्याने विचारलं.

"एक वयस्कर अधिकारी आले, काका. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मुलीच्या घरी गाई किती दिल्यास? तिकडे नवऱ्याकडून गाई द्याव्या लागतात. मी म्हटलं, आमच्यात तसं नसतं, एकही नाही. तर म्हणाले, एकही गाय न देता मुलगी मागतोस, मग त्या बाईने संशय घेऊ नये तर काय करावं! आणि सोडा म्हणाले ह्याला."

मुलगी हसायला लागली आणि हसता हसता तिने पदरासारखी ओढणी तोंडाला लावली. मी मात्र हसू शकले नाही. कारण पुढे त्याने सांगितलं की कंत्राटदाराला भानगड नको होती, त्यांनी त्याला घरी पाठवून दिलं. नोकरी गेली. आता पिंपळगावच्याच एका कोल्ड स्टोरेजमध्ये कॉम्प्रेसर बघणार होता. जाताना पिशवी माझ्या हातात दिली. "तिकडचा डिंक आहे, काकू. लाडवाला चांगला. फोटो मात्र पुसून टाकला त्यांनी."

तळातला घड तो. आणि मी तो हातात धरून दारात उभी!

पण दिलेला नकार दिलेलाच होता. त्याच्या आईने पुन्हा फोन केला नाही आणि माझी करायची छाती झाली नाही. मुलगी कामावर जायची, यायची, पानात वाढलेलं खायची. नवीन स्थळाचा विषय काढला की म्हणायची, "तू चौकशी करून घे, आई. पास झालं की मला सांग." ह्यापेक्षा तिने भांडी आपटली असती तर बरं वाटलं असतं. डिंकाची पिशवी फडताळात तशीच. लाडू करायला हात धजेना.

परवा एक फोन आला. निफाडकडची कुणी बाई, आवाज गोड, सहज विचारल्यासारखा. मी तो आवाज ओळखला, माझाच तो. "ताई, पिंपळगावचं एक स्थळ आहे आमच्या भाचीसाठी. शाळेतल्या बाईंचा मुलगा. तुमच्याकडे जमलं होतं म्हणे. का हो मोडलं? खरं ते सांगा, आम्ही कुणाला सांगणार नाही."

मुलगी स्वयंपाकघरात कणीक मळत होती. तिचे हात थांबले.

आता ह्या बाईला काय सांगायचं? मुलगा सोन्यासारखा म्हटलं तर ती उद्या सुपारी घेऊन पोचेल. वाईट म्हटलं तर माझी जीभ झडेल. मी थांबले, चांगली थांबले, आणि पलीकडे ती माझा थांबा ऐकतेय हेही मला कळत होतं. मग तोंडातून निघून गेलं, "मोडलं कुठे? त्याचं जमलंय."

"हो? कुणाकडे?"

"आमच्याकडेच," म्हटलं आणि फोन ठेवून दिला.

मुलगी कणकेच्या हातांनी दारात आली. "आई, हे त्याला माहितीये का?"

"कळेल आता," मी म्हटलं, आणि तिच्यासमोरच त्याच्या आईला फोन लावला. ह्या वेळी काही घोटून ठेवलेलं नव्हतं. चुकलं म्हणाले. डोक्यात राख घालून बोलले, एकदा पदरात घ्या म्हणाले. नोकरी कुठलीही असो, मुलगा हाच हवा म्हणाले. माझी पोर त्याच्यासाठी झुरतेय हेही बोलून गेले, लाजबिज काही ठेवली नाही.

ती सगळं ऐकत होती. शाळेत उशिरा आलेल्या मुलाची सबब ऐकावी तशी. मग म्हणाली, "माझा मुलगा केव्हाच हो म्हणेल. पण मला आता थोडं बघावं लागेल, ताई. मुलीबद्दल प्रश्न नाही. घर कसं आहे, माणसं कशी आहेत... जरा चौकशी करते आणि कळवते."

तेव्हापासून मी एकेक नाव आठवत बसलेय. कुणाला विचारेल ती? पॅकहाऊसमध्ये? तिथे मी परत पाठवलेल्या पेट्यांचे मालक अजून जिवंत आहेत. आमच्या किराणा दुकानातल्या भाऊंना? त्यांच्याशी मी तूरडाळीतल्या खड्यांवरून दर महिन्याला वाजवते. आमच्या इस्त्रीवाल्याला? त्याचंही नाव काढायला नको. राहिल्या समोरच्या वहिनी. मी लगोलग डिंकाचे लाडू केले, डबा भरला आणि त्यांचं दार वाजवलं.

"वहिनी, पिंपळगावच्या कुणी बाई आमची चौकशी करायला येतील. आल्या तर जरा सांगाल ना?"

त्यांनी एक लाडू उचलला, चवीने अर्धा खाल्ला, माझ्याकडे पाहिलं आणि थांबल्या.

"सांगते की," त्या म्हणाल्या. "पण खरं सांगू, की चांगलं सांगू?"